दुसऱ्याचा हात लागता कामा नये

४ मार्च

कप्तानसाहेब,

वर आशीर्वाद लिहिलेले नाहीत. विसरले नाही, मुद्दाम लिहिलेले नाहीत.

तीन वर्षांत तुला एक ओळ पाठवली नाही आणि आजही पाठवली नसती. पण काल दुपारी पोस्टमन एक जाडजूड पाकीट देऊन गेला. वर तुझ्या भाऊजींचं नाव, नावामागे श्रीयुत. मेलेल्या माणसाला पत्रं येतात हे मला नवीन नाही, विजेचं बिल अजून त्यांच्याच नावाने येतं. हे पाकीट मात्र त्या माशांच्या ऑफिसातून होतं, ज्यांचे टॅग तुम्ही बोटवाले सेलफिशच्या पाठीत टोचता आणि मासा सोडून देता.

‘आपले हार्दिक अभिनंदन’ अशी सुरुवात. आपण पकडून सोडलेला सेलफिश तीन वर्षांनी, सहाशे किलोमीटरवर, एका शाळकरी मुलीने आजोबांच्या बोटीवरून पुन्हा पकडला आणि पुन्हा सोडला. मासा आठ इंच वाढला आहे. सोबत आपल्यासाठी एक टोपी पाठवत आहोत. टोपी खरंच होती. निळी, समोर पाठीवरचं शीड उभारलेला मासा, रंगीत दोऱ्याने भरलेला. मी ती हातात घेऊन किती वेळ उभी होते कोणास ठाऊक, गॅसवरचं दूध उतू गेलं.

पत्राखाली एक तक्ता होता. टॅगचा नंबर. रॉड कोणाच्या हातात होता, तिथे तुझ्या भाऊजींचं नाव. बोटीचा कप्तान, तिथे तुझं. तारीख मी तीनदा वाचली. हे गेले तीच तारीख. आणि मासा सोडल्याची वेळ, दुपारी एक वाजून वीस मिनिटं.

आता तू मला धक्क्यावर काय सांगितलं होतंस ते जसंच्या तसं लिहिते, कारण मला ते पाठ आहे. “साडेबाराला अचानक छातीत कळ आली, ताई. त्याच मिनिटाला लायनी गुंडाळल्या आणि निघालो. वाटेत एक इंजिन तापलं म्हणून उशीर झाला. त्यांना तर बोलताही येत नव्हतं.” बंदर समितीलाही तू हेच लिहून दिलंस, खाली सही केलीस, आणि त्यांनी मान डोलावली. आपल्या धंद्यातला माणूस, त्याच्या शब्दावर कोण शंका घेणार.

साडेबारा ते एक वीस. पन्नास मिनिटं. इंजिन तापलं नव्हतं. छातीत कळ आलेल्या माणसाच्या हातात तू रॉड दिलास आणि पन्नास मिनिटं मासा खेळवत ठेवलास. बंदर दोन तासांच्या अंतरावर असताना!

सकाळी घरून निघाले तेव्हा ते ठणठणीत होते. चहा घेतला, बूट चढवले, निघाले. उगाच कुरकुर करणारा माणूस नव्हता तो. साडेबाराला त्यांनी दुखतंय म्हटलं असेल तर ते दुखणं खरंच होतं, आणि हे तुला कळायला हवं होतं.

उत्तर दे. न देऊन सुटशील असं समजू नकोस.

तुझी बहीण (कागदोपत्री)


१२ मार्च

कप्तानसाहेब,

आठ दिवस झाले. तू मूग गिळून गप्प बसणार हे मला ठाऊक होतं. लहानपणी कपबशी फुटली की तू असाच पलंगाखाली जाऊन बसायचास, आणि बोलणी मी खायची.

म्हणून कळवते, की सोमवारी मी बंदर समितीकडे तक्रार दिली. ऑफिसच्या पत्राची प्रत जोडली. सुनावणी नऊ एप्रिलला आहे. तुलाही नोटीस येईल, तुझ्या नव्या बंदराच्या पत्त्यावर. खोटा जबाब दिला म्हणून तुझं लायसन जाऊ शकतं असं सेक्रेटरी म्हणाला. तो आधी मला समजावायला लागला, ‘घरातली गोष्ट घरात मिटवा, आपलेच दात आणि आपलेच ओठ.’ मी म्हटलं, माझे ओठ तीन वर्षं शिवलेले होते, आता टाके निघाले.

शिवण्यावरून आठवलं. मी अजून बर्फाच्या कारखान्यामागच्या त्याच लांब टेबलावर बसते. अजून आमिषाचे मासे शिवते. बोटभर लांबीच्या माशाचा काटा मोडून त्याला लवचीक करायचा, मेणाच्या दोऱ्याने तोंड शिवायचं, म्हणजे पाण्यातून ओढताना तो जिवंत वाटतो. त्या दिवशीचे बारा मासेही मीच शिवून दिले होते. तुझा तो मासा माझ्या टाक्यावरच आला, हे मला परवा काम करता करता सुचलं आणि सुई अंगठ्यात गेली.

तू परत आलास ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. तीन वाजून वीस मिनिटं. मासा पकडून सोडला की बोटी छोटा बावटा चढवून येतात, जितके मासे तितके बावटे. तुझ्या बोटीवर एकही नव्हता. बाकीच्या बायका म्हणाल्या, आज डॉक्टरांचं नशीब फुटकं दिसतंय. मी हसले. डॉक्टर म्हणजे तो दातांचा डॉक्टर, जो वर्षातून एकदा यायचा आणि तुमच्या दोघांच्या बोटीशिवाय दुसऱ्या बोटीत पाय ठेवायचा नाही. मग मला दिसलं की तो डॉक्टर मागच्या डेकवर गुडघ्यांवर बसलाय, दोन्ही हातांनी कोणाची तरी छाती दाबतोय.

म्हणजे बावटासुद्धा तू लपवलास. विचार करून लपवलास. शोक झालेल्या माणसाला एवढं सुचतं?

चाळीस दिवस पुरते झाले नाहीत तोवर तू दुसरं बंदर गाठलंस. मी तेव्हा म्हणत होते, पोराला सहन होत नसेल. आता कळलं काय सहन होत नव्हतं ते.

ताई म्हणू नकोस


२१ मार्च

खंड्या,

हे नाव खूप दिवसांनी लिहिलं. पाण्याकडे टक लावून बसतो म्हणून बाबांनी ठेवलेलं. माया आली म्हणून लिहिलेलं नाही. कप्तानसाहेब लिहिताना दोनदा खोडलं, इतका राग आलाय, म्हणून सोपं नाव लिहिलं.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पूर्ण पोस्टकार्डावर नऊ शब्द. ‘ताई, कार्ड खरं आहे. समितीला दे. मी भांडणार नाही.’

भांडणार नाही! तुला कोणी विचारलं? तीन वर्षं मी भिंतींशी भांडतेय. रात्री उशीला सांगतेय, सकाळी चहाच्या गाळणीला सांगतेय की तो हळू आला, त्याने बोट हळू आणली. आणि समोर माणूस सापडला तर तो म्हणतो मी भांडणार नाही. चोर तो चोर वर संत.

दुसरी गोष्ट. मी त्या ऑफिसला मूळ कार्ड मागितलं होतं. बोटीवर मासा सोडल्यावर जे भरतात ते, पोस्टकार्डाएवढं. काल त्याची प्रत आली. मला वाटलं होतं तुझं अक्षर असेल. किंवा डॉक्टरचं.

ते यांच्या हातचं आहे.

हे लिहायचे तेव्हा पेन इतकं दाबायचे की मागच्या दोन पानांवर उमटायचं. किराणाच्या यादीतसुद्धा कागद फाटायचा. त्या प्रतीत दोन ठिकाणी कागद फाटल्याच्या काळ्या रेघा आहेत आणि एका कोपऱ्यात ओल्या अंगठ्याचा डाग. तारीख नीट. वेळ नीट. लांबी सहा फूट दोन इंच. ‘माशाची स्थिती’ असा एक रकाना असतो, त्यात लिहिलंय, ‘उत्तम. आपल्या जोरावर गेला.’ रॉड कोणाच्या हातात होता, त्या रकान्यात स्वतःचं नाव, आणि ते बाकीच्यापेक्षा मोठ्या अक्षरात.

वीस वर्षं बोटीवरचा खलाशी म्हणून त्यांनी त्या रकान्यात दुसऱ्यांची नावं लिहिली. वकिलांची, इंजिनिअरांची, हनिमूनला आलेल्या जोडप्यांची. आमिष लावायचं यांनी, मासा आला हे आधी बघायचं यांनी, आणि रॉड द्यायचा त्या गिऱ्हाइकाच्या हातात, ज्याला रीळ कुठल्या बाजूला फिरतं ते ठाऊक नाही.

म्हणजे मासा सुटल्यावर ते शुद्धीवर होते. बसून कार्ड भरण्याइतके. मग तू मला सांगितलंस की बोलताही येत नव्हतं, ते काय होतं?

आणि एक गोष्ट माझ्या डोक्यात बसत नाही. तुला खोटंच बोलायचं होतं तर हे कार्ड फाडायचं. समुद्रात टाकायचं. बावटा लपवणाऱ्याला एक कागद लपवता आला नाही? तूच ते पोस्टात टाकलंस ना? दुसरं कोण टाकणार?

मी दातांच्या डॉक्टरकडे जातेय. तू बोलत नाहीस तर तो बोलेल.

ताई


२९ मार्च

खंड्या,

सव्वाचार तास बस. खिडकीची काच लागत नव्हती, अर्धा रस्ता मी पदर तोंडावर धरून बसले होते.

डॉक्टरांचा दवाखाना एका औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. जिना इतका अरुंद की उतरणाऱ्याला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. बाहेर बसलेली मुलगी नंबर असल्याशिवाय आत सोडेना. मी म्हटलं मला खासगी बोलायचंय, ती म्हणाली सगळ्यांचं खासगीच असतं. मग मी नाव लिहिलं, दाढ दुखते म्हणून सांगितलं, आणि दीड तास एका लहान मुलाच्या रडण्याशेजारी बसले.

आत गेल्यावर त्यांनी मला खुर्चीत झोपवलं, दिवा तोंडावर आणला. नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मग मास्क काढला आणि हातातलं ते बारीक आरशाचं हत्यार ताटलीत ठेवलं. मी दिव्याखाली तशीच आडवी. तोंड उघडं ठेवायचं की मिटायचं ते कळेना. खरं तर मी तिथे आरडाओरडा करायला गेले होते, पण आडवं पडून आरडाओरडा करता येत नाही.

ते म्हणाले, “मला वाटलं होतं तुम्ही पहिल्या वर्षीच याल.”

आता त्यांनी सांगितलं ते लिहिते. तुला ठाऊक आहे, पण मी कोणत्या थरापर्यंत पोचले ते तुला कळू दे.

साडेबाराला यांनी छातीवर हात ठेवला आणि तू खरंच लायनी गुंडाळायला सांगितलंस. तेवढं तू खरं बोललास. डॉक्टर आपल्या खुर्चीतून उठून बाजूला बसले होते. लायनी हेच ओढत होते, कारण दुसऱ्या कोणाला ओढू देतील तर ते हे कसले. शेवटची लाईन येत होती आणि आमिषामागून मासा आला. पाठीवरचं शीड उभं, अंगभर निळ्या पट्ट्या पेटलेल्या, बोटीपासून दोन हातांवर. यांनी विचार केला नाही. सवयीने लाईन सोडली, आमिष मागे जाऊ दिलं, आणि माशाने ते घेतलं.

डॉक्टर उठले, रॉड घ्यायला हात पुढे केला. यांनी खांदा फिरवला. म्हणाले, “हात लावू नका, डॉक्टर. दुसऱ्याचा हात लागला की मासा धरत नाहीत.”

हा तुमचा नियम. ज्याच्या हातात लागला त्यानेच आणायचा, मध्ये दुसऱ्याचं बोट जरी रॉडला लागलं तरी तो मासा कोणाचाच नाही. मला हा नियम लग्नाच्या आठवड्यापासून ठाऊक आहे. जेवताना सांगायचे, कोणत्या गिऱ्हाइकाचा मासा कसा बाद झाला, बायकोने कौतुकाने हात लावला आणि झालं वाटोळं.

मग तू खाली आलास. हातात चाकू होता. लाईन कापणार होतास. डॉक्टर म्हणाले, तू रडत होतास आणि शिव्या देत होतास, दोन्ही एकदम. आणि यांनी तुझ्याकडे न बघता सांगितलं, “कापलीस तर तुझ्या बोटीवर परत पाय ठेवणार नाही. मला एक आणू दे रे. एकच.”

आणि तू चाकू खाली ठेवलास.

पन्नास मिनिटं. डॉक्टर म्हणाले, दहा वेळा मासा पाण्याबाहेर उडाला आणि दर वेळी तुझे भाऊजी हसत होते. घामाने चिंब, ओठ पांढरे, आणि हसत होते. मासा बाजूला आल्यावर दोरी तू धरलीस, टॅग तू टोचलास, पण सोडला यांनी. चोच धरून त्याला पाण्यातून पुढे मागे फिरवलं, श्वास येईपर्यंत. मग बर्फाच्या पेटीला टेकून बसले आणि कार्ड मागितलं.

त्या दातांच्या डॉक्टरला मी तीन वर्षं नावं ठेवली. दातांचा डॉक्टर, त्याला छातीतलं काय कळणार, असं दहा जणींना ऐकवलं. ते एक तास दहा मिनिटं यांची छाती दाबत होते. त्यांच्या मनगटाला अजून पट्टा आहे.

त्याआधी, बोट सुसाट निघाल्यावर, हे तुझ्या पायापाशी पडून होते. तू एका हाताने चाक धरून खाली वाकला होतास आणि हे तुझ्या कानाशी काहीतरी बोलत होते. बराच वेळ. इंजिनाच्या आवाजात डॉक्टरांना फक्त सुरुवातीचं एक वाक्य ऐकू आलं. ते वाक्य त्यांनी मला सांगितलं. ते मी आज लिहीत नाही.

निघताना त्यांनी माझी दाढ बघितली. खरंच किडलेली निघाली. मी म्हटलं राहू दे.

ताई


३ एप्रिल

खंड्या,

पाच दिवस कामावर गेले नाही. मुकादमीण येऊन दार वाजवून गेली.

ते वाक्य असं आहे. “घरी सांगू नकोस सकाळपासून दुखत होतं म्हणून, ती स्वतःला खात बसेल.”

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की हे सकाळी ठणठणीत होते. लिहिलं होतं की कुरकुर करणारा माणूस नव्हता. दोन्ही खोटं. मी तुला खोटारडा म्हणण्याआधी ओळीने दोन खोटी वाक्यं लिहिली आणि माझा हात अडखळलाही नाही.

कुरकुर करायचे. रोज करायचे. आज पाठ, उद्या गुडघा, परवा करंगळी. घरी असले की जांभया आणि दुखणी, बोटीवर गेले की वाघ. त्या सकाळी पलंगाच्या काठावर बसले होते, एक बूट घातलेला, एक हातात. म्हणाले, छातीत जड वाटतंय, आज जाऊ नये असं वाटतंय. मी आमिषाची टोपली बांधत होते, हाताला माशांचा वास, डोक्यात बर्फ वितळेल याची घाई. मी वर बघितलंही नाही. म्हटलं, “तुम्हाला काम म्हटलं की कुठेतरी दुखतंच.”

उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यांनी दुसरा बूट घातला.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तू हळू आलास, इंजिन तापलं, तू पन्नास मिनिटं घालवलीस, यातलं काहीही मला चालत होतं. जोवर दुखणं साडेबाराला सुरू होत होतं तोवर मला झोप लागत होती. आणि ते साडेबाराला ‘अचानक’ सुरू झालं, हे मला सांगणारा तू. तो शब्द तू माझ्यासाठी घातला होतास हे मला आत्ता कळतंय. इंजिन तापल्याची थाप त्या शब्दामागून आली असणार, कारण एकदा मासा सांगितला की सगळंच सांगावं लागलं असतं. बावटाही त्यासाठीच. आणि मग कार्ड हातात घेऊन उभा राहिलास, आणि ते फाडण्याची तुझी छाती झाली नाही. त्यांच्या नावचा एकुलता एक मासा होता.

म्हणून मला तुझं कौतुक वाटत असेल असं समजू नकोस. मला तुझा आधीपेक्षा जास्त राग आलाय. तीन वर्षं तू मला तुझ्यावर ओरडू दिलंस. धक्क्यावर सगळ्यांसमोर मी तुला काय काय बोलले. तू मान खाली घालून उभा होतास, आणि तुझ्या खिशात माझं गुपित होतं. तुला वाटलं ताईला हे झेपणार नाही. तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत, मला न विचारता, एकाने मरता मरता आणि एकाने चाक धरून. मी काय काचेची बाहुली आहे?

आणि यांचा तर इतका राग येतो की भांडी आपटते. बायकोच्या एका टोमण्यावर बूट घालायचा आणि माशासाठी जिवावर उदार व्हायचं. जाऊ नये वाटतंय तर जायचं नव्हतं. माझं ऐकायची एवढी सवय कधी होती त्यांना?

सुनावणी नऊलाच आहे. तक्रार मागे घ्यावी का, विचार करतेय.

ताई


९ एप्रिल

खंड्या,

तक्रार मागे घेतली नाही. तुझं लायसन एक वर्षासाठी गेलं. नोटीस येईल, पण आधी माझ्याकडून कळावं म्हणून घरी येऊन चप्पलही न काढता लिहायला बसले.

समितीची ती खोली तुला आठवत असेल. मोठं टेबल, वर काच, काचेखाली जुन्या बोटींचे फोटो. तिघे होते. मधले अध्यक्ष, पांढऱ्या दाढीचे, तेच म्हातारे कप्तान. मी कार्डाची प्रत पुढे सरकवली. त्यांनी चष्मा लावला, वाचली, आणि पहिला प्रश्न काय विचारला माहीत आहे? “एकट्याने आणला?”

मी हो म्हटलं.

“दुसऱ्याचा हात?”

“नाही लागला.”

त्यांनी ते कार्ड उजवीकडच्याला दिलं, त्याने डावीकडच्याला. तिघांनी वेळ घेऊन बघितलं. सहा फूट दोन इंच, एक जण पुटपुटला. मला वाटलं काच उचलून तिघांच्या डोक्यात घालावी. एक माणूस गेला आणि हे मासा बघतायत. आणि तेव्हाच मला कळलं की त्या तिघांपैकी एकानेही लाईन कापली नसती. तू निदान चाकू घेऊन खाली तरी आलास.

मग मी सांगितलं. डॉक्टरांनी लेखी दिलं होतं ते दिलं, आणि त्यात नव्हतं ते तोंडाने सांगितलं. सकाळपासून दुखत होतं हे मला माहीत होतं. मी काय म्हटलं होतं तेही सांगितलं, शब्द न शब्द. सेक्रेटरी लिहिता लिहिता थांबला. अध्यक्ष चष्मा काढून म्हणाले, बाई, हे सांगितलं नसतंत तरी चाललं असतं. मी म्हटलं, मला चाललं नसतं.

निकाल दहा मिनिटांत झाला. मासा खेळवू दिला याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. खोटा जबाब, एवढीच चूक. एक वर्ष. मी गयावया केली नाही. तू खोटं लिहिलंस, तू सही केलीस, ते माझ्यासाठी असलं तरी खोटंच. मी खोटं बोलले त्याला समितीकडे शिक्षा नाही, ती मी माझी भोगतेय.

बाहेर आले तर बायका जमलेल्या होत्या. बातमी माझ्याआधी जिना उतरली होती. मुकादमीण म्हणाली, भावाचं लायसन घालवलंस, आता बरं वाटलं? मी म्हटलं, नाही.

आता तुला बोट नाही. एक वर्ष तू रिकामा आहेस. घरी ये. मागची खोली मी झाडून घेते, पंखा आवाज करतो तेवढा चालवून घे. माफी मागायला येऊ नकोस, मीही मागणार नाही. समोर बस आणि मला सांग, ते तुझ्या पायापाशी पडून तुझ्या कानात एवढा वेळ काय बोलत होते. डॉक्टरांना एकच वाक्य ऐकू आलं. बाकीचं जगात फक्त तुझ्याकडे आहे.

माझ्या त्या वाक्याबद्दल ते बोलले असतील तर ते सांग. चिडून बोलले असतील तर चिडूनच सांग. माझं नाव काढलं नसेल तर काढलं नाही असं सांग. चांगलं तेवढं निवडून आणू नकोस, मला कळेल, मी तुला चालायला शिकवलंय.

या वेळी मला सांभाळून घेऊ नकोस.

ताई